डाव्या अलिंदातील मिक्सोमा: गाठ कर्करोगाची नसेल, तर शस्त्रक्रियेची एवढी घाई का?

प्रश्न : निळाई

माझ्या आईचे वय ५४ आहे. गेले काही महिने तिला जिना चढताना धाप लागत होती, अधूनमधून बारीक ताप येत होता आणि वजनही उतरत होते. हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) बराच वाढलेला आढळल्यामुळे आधी सगळ्या तपासण्या जंतुसंसर्गाच्या दिशेने झाल्या, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पुढे एका डॉक्टरांना छाती तपासताना हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज ऐकू आला आणि त्यांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, सुमारे साडेचार सेंटिमीटर लांबीची हलणारी गाठ असून ती दोन अलिंदांमधल्या पडद्याला देठाने जोडलेली आहे आणि ती मिक्सोमा, म्हणजे हृदयात उद्भवणारी एक प्रकारची गाठ, असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, असे अहवालात लिहिले आहे.

हृदयरोगतज्ज्ञांनी ही गाठ बहुधा कर्करोगाची नाही असे सांगितले, आणि त्याच दमात शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून घ्या असेही सांगितले. या दोन वाक्यांचा मेळ आम्हाला घरी बसवता येत नाही. वडिलांचे म्हणणे असे की गाठ साधी असेल, तर काही महिने औषधे घेऊन पाहावे आणि वाढली तरच छाती उघडावी. तुकडा काढून तपासल्याशिवाय ती साधी आहे हे डॉक्टर कशावरून सांगतात, ती रक्ताची गुठळी असू शकते का, आणि शस्त्रक्रियेत नेमके काय करतात, हे कोणी जाणकार समजावून सांगतील का?

प्रतिसाद १ : ध्रुवमत्स्य

माझ्या काकांच्या इकोमध्येही डाव्या अलिंदात गाठ दिसली होती. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी केलेल्या इकोमध्ये ती नाहीशी झालेली होती. त्यामुळे शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी गोळ्यांचा पर्याय विचारून पाहावा असे मला वाटते.

प्रतिसाद २ : अनुनाद (हृदयरोगतज्ज्ञ)

ध्रुवमत्स्य, तुमच्या काकांच्या हृदयात होती ती गुठळीच असणार, कारण मिक्सोमा रक्त पातळ करणाऱ्या औषधाने विरघळत नाही. या दोहोंतला फरक हाच निळाई यांच्या प्रश्नाचा पहिला भाग असल्याने तिथूनच सुरुवात करतो.

डाव्या अलिंदात गुठळी होते ती बहुधा रक्त साचून राहते म्हणून. रुग्णाला एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांची लय विस्कटणे) असते किंवा डावे अलिंद आणि त्याखालचा कप्पा यांमधली मायट्रल झडप अरुंद झालेली असते, अलिंद फुगलेले असते आणि गुठळी बहुतेक वेळा अलिंदाच्या कानासारख्या कोपऱ्यात किंवा मागच्या भिंतीला चिकटून बसलेली सापडते. मिक्सोमाची ठेवण निराळी असते. सुमारे तीन चतुर्थांश मिक्सोमा डाव्या अलिंदातच होतात आणि त्यांचा देठ दोन अलिंदांमधल्या पडद्यावर फोसा ओव्हॅलिस नावाचा जो खोलगट भाग आहे, त्याच्या कडेपाशी रुजलेला असतो. हृदयाची लय नियमित असलेल्या रुग्णाच्या इकोमध्ये त्या जागी देठ असलेली, प्रत्येक ठोक्याबरोबर हेलकावणारी गाठ दिसली, तर तिचा तुकडा हातात नसतानाही निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. हा आजार ३० ते ६० या वयात आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, हेही तुमच्या आईंच्या बाबतीत जुळते.

तुकडा काढून तपासणी का करत नाहीत, याचे कारण सरळ आहे. ही गाठ गिळगिळीत आणि ठिसूळ असते. डाव्या बाजूला तिला चिमट्याने धरायला गेले आणि कण सुटला, तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. ज्या गाठी उजव्या बाजूच्या आहेत आणि घातक असाव्यात असा संशय आहे, तिथे बायोप्सीचा विचार होतो. इथे ती करणे म्हणजे टाळायचा तो धोका स्वतःहून ओढवून घेणे ठरेल. पेशींचे अंतिम निदान संपूर्ण गाठ काढल्यावर पॅथॉलॉजीच्या अहवालातून मिळते.

गाठ साधी नसावी असा संशय केव्हा घ्यायचा, हेही सांगतो. देठाऐवजी रुंद बूड असणे, गाठ भिंतीत शिरलेली असणे, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांमध्ये किंवा एका कप्प्यातून दुसऱ्यात ती पसरलेली असणे, हृदयावरणात पाणी साठणे, यांपैकी काही दिसले की आम्ही सावध होतो. शिवाय हृदयात स्वतंत्रपणे उद्भवणाऱ्या गाठींपेक्षा शरीरातल्या दुसऱ्या कर्करोगातून तिथे पोचलेल्या गाठी कित्येक पटींनी अधिक असतात, त्यामुळे आधी कर्करोग झालेल्या रुग्णात विचारांची दिशाच बदलते. तुमच्या आईंच्या अहवालात यातले काही लिहिलेले दिसत नाही.

पुढची पायरी म्हणून अन्ननलिकेतून इको करतील. त्यात प्रोब अलिंदाच्या अगदी पाठीशी असल्यामुळे देठ नेमका कुठे आहे, गाठ एकच आहे की आणखी कुठे लपलेली आहे आणि झडपेला धक्का पोचला आहे का, हे छातीवरून केलेल्या इकोपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते. शंका उरलीच तर कार्डियाक एमआरआय उपयोगी पडतो. गुठळीत रक्तपुरवठा नसल्याने शिरेतून दिलेले गॅडोलिनियम (चित्रात ऊती उजळवणारे द्रव्य) तिच्यात शिरत नाही आणि ती काळीच राहते. मिक्सोमा ते ओढून घेतो आणि ठिकठिकाणी उजळतो. इकोतले चित्र इतके ठळक असताना मात्र एमआरआयच्या तारखेसाठी शस्त्रक्रिया अडवून धरणे मला पटत नाही.

धाप लागण्याचे कारण तुम्ही इकोच्या चित्रफितीत स्वतः पाहू शकाल. मायट्रल झडप उघडली की गाठ घंटेच्या लोलकासारखी झुलत झडपेच्या तोंडात येते आणि खालच्या कप्प्यात उतरणाऱ्या रक्ताची वाट अडवते. झडप मिटताना ती पुन्हा वर ढकलली जाते. स्टेथोस्कोपने ऐकू येणारा जादा आवाज याच हालचालीचा असतो, आणि कूस बदलल्यावर तो बदलतो. ताप, वाढलेला ईएसआर, अशक्तपणा आणि उतरलेले वजन हा गाठीतून स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या द्रव्याचा प्रताप. त्यामुळेच हा आजार महिनोन्‌महिने जंतुसंसर्ग, संधिवात किंवा रक्तवाहिन्यांचा दाह म्हणून वागवला जातो. तुमच्या आईंच्या बाबतीत कुणीतरी स्टेथोस्कोप नीट लावला, हे बरे झाले.

प्रतिसाद ३ : शरयू (हृदयशल्यचिकित्सक)

अनुनाद यांनी निदानाची बाजू मांडली आहे. मी घाईचे कारण आणि शस्त्रक्रिया यांबद्दल लिहिते.

निळाई, तुमच्या वडिलांचा तर्क शरीराच्या इतर भागांतल्या गाठींना लागू पडतो. पाठीवरची चरबीची गाठ वर्षानुवर्षे तशीच ठेवता येते, कारण ती जिथे आहे तिथे कुणाच्या वाटेत येत नाही. हृदयातल्या गाठीचा धोका तिच्या पेशींपेक्षा तिच्या जागेवर आणि ठिसूळपणावर अवलंबून असतो. मिक्सोमाच्या साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत गाठीचा किंवा तिच्यावर जमलेल्या गुठळीचा कण सुटून रक्तप्रवाहात जातो, आणि डाव्या बाजूच्या गाठीचा कण पुष्कळदा मेंदूत अडकून पक्षाघात घडवतो. काही रुग्णांत आजाराची पहिली खूण पक्षाघात हीच असते. दुसरा धोका असा की गाठ झडपेच्या तोंडात क्षणभर जरी पूर्ण अडकली, तरी रुग्ण बेशुद्ध पडतो. क्वचित प्रसंगी अचानक मृत्यूही ओढवतो. यांपैकी काहीही कधी घडेल हे आधी सांगता येत नाही, आणि वाढीवर लक्ष ठेवून ते टळत नाही, कारण कण सुटण्यासाठी गाठ मोठी असावी लागत नाही. लहान पण झुपकेदार, लवलवत्या पृष्ठभागाच्या गाठी याबाबतीत मोठ्या गुळगुळीत गाठींपेक्षा वाईट. हिला विरघळवणारे औषध उपलब्ध नाही. म्हणून निदान झाल्यावर बहुतेक केंद्रांत रुग्णाला त्याच भरतीत किंवा फार तर काही दिवसांत शस्त्रक्रियेसाठी घेतात.

आधीच्या तयारीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. चाळिशी उलटलेल्या रुग्णात हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत का ते अँजिओग्राफीने किंवा सीटीने पाहतात, म्हणजे गरज असल्यास बायपासही त्याच वेळी करता येते. (अँजिओग्राफीत कधीकधी गाठीला रक्त पुरवणारी बारीक वाहिनीच भरताना दिसते आणि निदानाला आयताच दुजोरा मिळतो.) दुसरी गोष्ट म्हणजे अलीकडे हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, दृष्टी जाणे असे काही होऊन गेले असल्यास ते आवर्जून सांगा, मग ते काही मिनिटांत बरे झालेले का असेना. शस्त्रक्रियेत रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा मोठा डोस द्यावा लागतो, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री आधी करावी लागते. रक्तस्राव असेल तर थांबण्याला सबळ कारण मिळते.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. ती हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर, हृदय थांबवून करतात. १९५३ साली जॉन गिबन यांनी या यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी डाव्या अलिंदातला मिक्सोमा यशस्वीपणे काढला. त्यापूर्वी हा आजार प्रामुख्याने शवविच्छेदनात सापडत असे.

छातीचे मधले हाड उघडून, किंवा उजव्या बाजूला फासळ्यांमधून लहान छेद घेऊन, हृदयापर्यंत पोचतात. यानंतरचा काही मिनिटांचा टप्पा बाहेरून पाहणाऱ्याला निवांत वाटेल, पण सर्वांत जास्त जपायचे असते ते इथेच. धडधडणाऱ्या हृदयाला उचलणे, दाबणे, वळवून पाहणे यातले काहीही करायचे नसते, कारण या क्षणी कण सुटला तर त्याला मेंदूपर्यंतची वाट मोकळी असते. नळ्याही अलिंदाला कमीत कमी धक्का लागेल अशा बेताने दोन्ही महाशिरांत बसवतात. मशीन सुरू झाले, महाधमनीला चिमटा लागला आणि कार्डिओप्लेजियाच्या द्रावाने हृदय थांबले की मगच हाताला मोकळीक मिळते.

बरेच शल्यचिकित्सक उजवे अलिंद उघडून पडद्याच्या बाजूने गाठीकडे जातात. काही जण थेट डावे अलिंद उघडतात, तर गाठ मोठी असल्यास दोन्ही बाजू उघडतात. गाठ नुसती देठापासून तोडायची नसते. देठ जिथे रुजला आहे तो पडद्याचा भाग, सभोवती निरोगी ऊतीची कड ठेवून, पूर्ण जाडीसह कापून घ्यायचा असतो, म्हणजे मागे मूळ राहत नाही. गाठीला चिमटा लावायचा नाही. धरायचे ते पडद्याच्या कापलेल्या तुकड्याला, आणि त्याच्यासह गाठ अखंड बाहेर आणायची. ट्रेमध्ये ठेवलेली गाठ पाहिली तर ही काळजी कशासाठी ते सांगावे लागत नाही: पिवळसर-करडी, मधूनमधून रक्ताचे डाग असलेली, चकाकणारी, आणि नुसत्या हलवण्यानेही कड सुटू पाहणारी. तोपर्यंत हृदयातून शोषलेले रक्त मशीनमध्ये परत न घेता टाकून दिले जाते, कारण त्यात गाठीचे कण असू शकतात. नंतर कप्पे सलाइनने भरभरून धुतात, बाकीच्या कप्प्यांत दुसरी गाठ नाही हे पाहतात, पाणी भरून झडप गळत नाही ना ते तपासतात आणि पडद्यातले भोक रुग्णाच्याच हृदयावरणाचा तुकडा शिवून बंद करतात. गाठीच्या सततच्या आपटण्याने झडप दुखावली असेल तर तिचीही दुरुस्ती तेव्हाच होते. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर अन्ननलिकेतील इकोने सगळे पुन्हा एकदा पाहूनच छाती बंद करतात.

लहान छेदाच्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्हाला कोणी आग्रह केला, तर त्या चमूला तिचा नेहमीचा सराव आहे का, एवढे जरूर विचारा. व्रण लहान राहतो आणि हाड जुळण्याची वाट पाहावी लागत नाही हे खरे, पण गाठ अखंड निघणे हे व्रणाच्या लांबीपेक्षा मोलाचे आहे. मिक्सोमाच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण एरवी धडधाकट असलेल्या रुग्णांत साधारण १ ते ३ टक्क्यांच्या घरात असते, आणि गाठ परत उद्भवण्याचे प्रमाणही, आनुवंशिक प्रकार वगळता, जवळपास तेवढेच असते.

प्रतिसाद ४ : पाणकोंबडा

माझी हीच शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूचे थोडे लिहितो. वेदनेपेक्षा मला जास्त घाबरवले ते तिसऱ्या दिवशी अचानक वेडेवाकडे धडधडू लागलेल्या हृदयाने. ते एट्रियल फिब्रिलेशन होते, हृदयशस्त्रक्रियेनंतर ते बऱ्याच जणांना होते आणि औषधाने आटोक्यात येते, हे आधी कोणी सांगितले असते तर ती रात्र जरा सोपी गेली असती. तुमच्या आईंना हे आधीच सांगून ठेवा. हाड जुळून येईपर्यंत साधारण दोन-तीन महिने जड उचलणे, ढकलणे, हातांवर जोर देऊन उठणे बंद असते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरण्याची युक्ती फिजिओथेरपिस्ट शिकवतील, ती जरूर पाळावी.

प्रतिसाद ५ : मृद्गंध

थोडा वेगळा, पण याच विषयातला प्रश्न आहे. माझ्या बहिणीच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात सोनोग्राफीत दोन-तीन गाठी दिसल्या आहेत आणि डॉक्टर म्हणतात की सध्या फक्त लक्ष ठेवायचे. वरचे वाचून मला भीती वाटू लागली आहे. तिथे घाई का नाही?

प्रतिसाद ६ : अनुनाद

मृद्गंध, बाळांमधल्या गाठींची जातच निराळी असते. एकापेक्षा अधिक गाठी म्हटल्यावर तो बहुधा ऱ्हॅब्डोमायोमा असतो. तो भिंतीच्या स्नायूतूनच वाढलेला असतो, त्याचे तुकडे सुटत नाहीत, आणि जन्मानंतर तो बहुतेक वेळा आपोआप आक्रसत जातो. म्हणून रक्ताचा मार्ग अडत असेल किंवा लय धोकादायकरीत्या बिघडत असेल तेव्हाच हस्तक्षेप करतात, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेखेरीज एव्हरोलिमससारख्या औषधाचाही उपयोग होतो. मात्र या गाठी ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकाराशी बऱ्याचदा जोडलेल्या असतात, ज्यात पुढे आकडी येऊ शकते, त्यामुळे बाळाच्या मेंदूची, मूत्रपिंडांची व त्वचेची तपासणी आणि आईवडिलांसाठी जनुकीय सल्ला यांबद्दल डॉक्टरांना विचारा. बालवयातली दुसरी गाठ म्हणजे फायब्रोमा. ती सहसा एकटी असते, निलयाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीत वाढते, आपोआप जात नाही आणि जीवघेण्या लयबिघाडाला कारण होऊ शकते. तिथे शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो.

मोठ्यांमध्येही प्रत्येक गाठीला एकच नियम लावता येत नाही. झडपेवर उगवणारा पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा जेमतेम सेंटिमीटरभर असतो, पण डाव्या बाजूचा आणि हलता असेल तर पक्षाघाताच्या भीतीने काढतात, आणि बहुतेक वेळा झडप वाचवून काढता येतो. उलट अलिंदांमधल्या पडद्यात नुसती चरबी साठून तो जाड झालेला असेल, तर त्याला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही.

प्रतिसाद ७ : निळाई

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना इकोची चित्रफीत दाखवली. गाठ झडपेतून खाली उतरून पुन्हा वर जाताना पाहिल्यावर त्यांनी थांबण्याचा विषय काढलेला नाही. अन्ननलिकेतील इको झाला असून गाठ एकच आहे आणि देठ पडद्यावरच आहे. शरयूताई, तुम्ही आनुवंशिक प्रकाराचा उल्लेख केला आहे. मी आणि माझ्या भावाने तपासणी करून घ्यायला हवी का? आणि गाठ निघाल्यावर आईवर पुढे किती वर्षे लक्ष ठेवावे लागेल?

प्रतिसाद ८ : शरयू

मिक्सोमाचे बहुसंख्य रुग्ण एकटेदुकटे असतात, कुटुंबात दुसऱ्या कोणाला काही नसते. आनुवंशिक प्रकाराला कार्नी कॉम्प्लेक्स म्हणतात. त्यात मिक्सोमा तरुण वयात, एकापेक्षा अधिक ठिकाणी, पडद्याखेरीज इतर जागीही होतो आणि काढल्यावर पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. सोबत ओठांवर, पापण्यांवर किंवा डोळ्यांच्या कोपऱ्यांत तपकिरी-काळे बारीक ठिपके, त्वचेवर मऊ गाठी आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार आढळतात. बहुतेक कुटुंबांत याच्या मुळाशी पीआरकेएआर१ए या जनुकातला दोष असतो आणि तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुमच्या आईंचे वय, एकच गाठ आणि तिची नेहमीची जागा पाहता हे संभवत नाही. तरी असे ठिपके आहेत का आणि जवळच्या नात्यात कोणाची हृदयातील गाठीची शस्त्रक्रिया किंवा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना सांगा. यातले काही आढळले तर तुम्ही भावंडांनी एक इको करून घेणे योग्य. एरवी त्याची गरज नाही.

पुढे घरी जाण्यापूर्वी एक इको होतो आणि त्यानंतर साधारण वर्षातून एकदा. गाठ परत आलीच तर ती बहुधा पहिल्या काही वर्षांत येते, पण दहा वर्षांनंतर आल्याचीही उदाहरणे असल्यामुळे इको मध्येच सोडून देऊ नये. ताप थांबणे, ईएसआर उतरणे आणि हिमोग्लोबिन सुधारणे हे सगळे गाठ निघाल्यानंतर काही आठवड्यांत घडायला हवे. तसे झाले नाही, किंवा उतरलेला ईएसआर पुढे कधी विनाकारण चढू लागला, तर वर्षाच्या इकोची तारीख येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. पॅथॉलॉजीच्या अहवालाची प्रत मात्र मागून घ्या आणि कापलेल्या कडेवर गाठीच्या पेशी नाहीत असे त्यात लिहिले आहे का, ते पाहा.